डेफ जॅमच्या एकाच खुर्चीत बसलेले दोन रॅपर: केव्हिन लाइल्स आणि जे-झी

तालमणी (धागाकर्ता)

हिप हॉपवर धागा काढला की पहिले दोन प्रतिसाद "याला संगीत म्हणायचं का?" असे येतात, म्हणून आधीच सांगून टाकतो. हा धागा गाण्यांपेक्षा गाण्यांच्या धंद्याबद्दल जास्त आहे.

२००४ साली न्यूयॉर्कच्या डेफ जॅम या रेकॉर्ड कंपनीच्या अध्यक्षाची खुर्ची रिकामी झाली. उठून गेला केव्हिन लाइल्स, येऊन बसला जे-झी. दोघंही मूळचे रॅपर. एकाचं नाव सगळ्या जगाला पाठ, दुसऱ्याचं हिप हॉप ऐकणाऱ्यांतही फारसं कुणी घेत नाही. माझं मत असं की कंपनी चालवणारा म्हणून लाइल्स सरस. का ते सांगतो, मग हाणा.

लाइल्स बाल्टिमोरचा. ऐंशीच्या दशकात तिथे न्यूमार्क्स नावाचा ग्रुप होता, त्यात हा रॅप करायचा. त्यांनी 'गर्ल यू नो इट्स ट्रू' हे गाणं गावातल्याच एका छोट्या लेबलवर (म्हणजे रेकॉर्ड कंपनीवर) काढलं. स्थानिक क्लबांत वाजलं, विषय संपला. पण ती रेकॉर्ड जर्मन निर्माता फ्रँक फारियानपर्यंत पोचली आणि १९८८ मध्ये तेच गाणं मिली व्हॅनिली या जोडीच्या नावाने बाजारात आलं. अमेरिकेत दुसऱ्या क्रमांकापर्यंत चढलं. पुढचं सगळ्यांना ठाऊक आहे: ग्रॅमी मिळालं, मग ते दोघे नुसते ओठ हलवत होते हे उघड झालं, १९९० मध्ये ग्रॅमी काढून घेतलं. त्या भानगडीवर आजही विनोद होतात. मूळ गाणं लिहिणाऱ्या पाच जणांत लाइल्स होता, हे मात्र कुणाच्या लक्षात नाही.

माझ्या मते त्याच्या पुढच्या सगळ्या कारकिर्दीची किल्ली इथे आहे. आपलं गाणं जगभर वाजतंय, गाजतोय दुसराच, आणि मधल्या कागदपत्रांत काय होतं ते आपल्याला धड कळत नाही. असा माणूस एकतर कडवट होतो, नाहीतर कागदपत्रं शिकतो.

लाइल्स १९९१ मध्ये डेफ जॅममध्ये बिनपगारी इंटर्न म्हणून लागला. बाल्टिमोर-वॉशिंग्टनचा पट्टा. काम काय, तर रेकॉर्ड घेऊन रेडिओ स्टेशनच्या दारात उभं राहायचं, क्लबच्या डीजेला पटवायचं, पोस्टर-स्टिकर चिकटवायचे, दुकानात माल पोचला का बघायचं. तिथून प्रादेशिक प्रमोशन, मग मुख्यालय, मग जनरल मॅनेजर आणि नव्वदचं दशक संपता संपता अध्यक्ष. १९९८ मध्ये डीएमएक्स या रॅपरचे एकाच वर्षात दोन अल्बम आले आणि दोन्ही पहिल्या क्रमांकावर गेले, त्या सुगीच्या वेळी प्रमोशनची गाडी हाकणाऱ्यांत हा होता. जे-झीची त्या काळातली हिट गाणी रेडिओवर पोचवणारीही हीच माणसं.

आता जे-झी. ब्रुकलिनच्या मार्सी हाउसेस या सरकारी वसाहतीतला. कुठलीच कंपनी घेईना म्हणून डेमन डॅश आणि करीम बर्क या दोघांबरोबर त्याने रॉक-अ-फेला ही कंपनी काढली आणि १९९६ मध्ये पहिला अल्बम स्वतःच्याच लेबलवर आणला. पुढच्याच वर्षी रॉक-अ-फेलाचा निम्मा हिस्सा डेफ जॅमने घेतला. २००३ मध्ये "हा शेवटचा अल्बम" म्हणत मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये जंगी निरोप घेतला (रॅपरची निवृत्ती आणि राजकारण्याचा संन्यास, दोन्हींवर विश्वास ठेवू नये). वर्षभरात डेफ जॅमचा अध्यक्ष! त्याच सुमारास रॉक-अ-फेलाचा उरलेला निम्मा हिस्साही डेफ जॅमने घेतला. जानेवारी २००५ ते २००७ अखेर, तीन वर्षं तो खुर्चीत होता.

एक जण खालून जिने चढत आला, दुसरा थेट गच्चीवर हेलिकॉप्टरने उतरला. तीन वर्षांत जे-झीने बातम्या खूप दिल्या, पण कंपनीची घडी बसवली असं मला दिसत नाही. बोला.

बोरिवली_बीट्स

धागा झकास, मत साफ चूक.

एकच शब्द: रिहाना. फेब्रुवारी २००५, म्हणजे जे-झी खुर्चीत बसून जेमतेम महिना झालेला. बार्बाडोसहून सोळा वर्षांची पोरगी ऑडिशनला येते. रिहानाने स्वतः मुलाखतींत सांगितलंय की केबिनबाहेर उभी असताना आत जे-झीचं नुसतं ओझरतं दर्शन झालं आणि तिचे पाय लटपटायला लागले. तिने तीन गाणी म्हटली, त्यात 'पॉन दे रिप्ले' होतं. त्यानंतर तिला इमारतीबाहेर जाऊच दिलं नाही. वकील बोलावले, कागद तयार झाले, पार पहाटेपर्यंत बसून सही. जे-झी गमतीत म्हणाला होता की इथून बाहेर पडायचे दोनच रस्ते, एक सही करून दारातून आणि दुसरा या खिडकीतून. आणि ऑफिस कितव्या मजल्यावर, तर एकोणतिसाव्या!

दोन वर्षांत तिचं 'अंब्रेला' हे गाणं. एवढं एक नाव दिलं तरी अध्यक्षपद वसूल. नी-यो हा गायक पण त्याच काळातला.

चिकित्सक

रिहानाचं श्रेय एकट्या जे-झीला? त्या वेळी आयलंड डेफ जॅम या अख्ख्या समूहाचा चेअरमन एल.ए. रीड होता, जे-झीचा साहेब. करार झाल्याशिवाय तिला सोडू नका, हे फर्मान त्याचं होतं असं तो स्वतः सांगतो. जे-झीला तर सुरुवातीला शंका होती की 'पॉन दे रिप्ले' हे गाणंच पोरीपेक्षा मोठं आहे, एका गाण्यावर संपून जाईल. हे त्यानेच नंतर कबूल केलंय.

त्याच उन्हाळ्यात त्याने टियारा मारी नावाची दुसरी तरुण गायिका रॉक-अ-फेलाची राजकन्या म्हणून वाजतगाजत आणली होती. आठवते का कुणाला? ऑगस्ट २००५ ला अल्बम, पुढच्या वर्षी करार खलास. एक लागला, एक हुकला. हे सगळ्याच लेबलांत होतं, पण मग फक्त लागलेला नेम मोजायचा नाही.

निवांत_मावशी

मला यातलं ओ की ठो कळत नाही, पण वाचायला मजा येतेय. जरा इस्कटून सांगाल का? हा "अध्यक्ष" नेमकं करतो काय दिवसभर? आणि गाणं ज्याने म्हटलं त्याचंच असतं ना, मग ते विकतात काय?

रेकॉर्डवाला_दादर

मावशी, मी मुंबईतल्या एका संगीत कंपनीत (नाव राहू दे) कॅसेटच्या जमान्यापासून नोकरी केली आहे. अमेरिकेचा आकार मोठा, गणित तेच.

एका गाण्यात दोन मालमत्ता असतात. शब्द-चाल ही एक, तिचे हक्क गीतकार-संगीतकाराकडे किंवा त्यांच्या प्रकाशकाकडे. आणि स्टुडिओत प्रत्यक्ष रेकॉर्ड झालेला आवाज ही दुसरी, तिला मास्टर म्हणतात. साधारण करारात मास्टर कंपनीचा. जाहिरातीत वाजलं, सिनेमात वापरलं, स्ट्रीमिंग झालं, की मास्टरवाल्याच्या खात्यात पैसे जमा. न्यूमार्क्सची गंमत इथे बघा. मिली व्हॅनिलीचं रेकॉर्डिंग नवं, म्हणजे मास्टर दुसऱ्याचा. लाइल्स आणि मंडळींचा हक्क फक्त लिखाणाच्या बाजूने.

आता रॉयल्टी. ऊसतोडीला जाणाऱ्याला मुकादम हंगामाआधी उचल देतो ना, तसा अ‍ॅडव्हान्स. समजा पाच लाख दिले. स्टुडिओ तीन लाख, तो तुमच्या नावावर. व्हिडिओ चार लाख, त्यातला निम्मा तुमच्या नावावर. झाले दहा लाख. तुमची रॉयल्टी १५ टक्के धरली, तर हे दहा लाख तुमच्या १५ टक्क्यांतूनच फिटणार. म्हणजे रेकॉर्डने जवळपास ६७ लाख कमावेपर्यंत तुमच्या हातात नवा पैसा नाही. तोवर कंपनीचे ८५ टक्के केव्हाच आलेले असतात. एवढं करून उचल फिटली तरी मास्टर कंपनीचाच!

अध्यक्षाचं काम काय? कोणाला सही करायचं हे लोकांना दिसतं, पण त्याहून अवघड काम म्हणजे रांग लावणं. वर्षात अमुक अल्बम, रेडिओवर एका वेळी जोर लावता येतो दोन-तीन गाण्यांवर. कोणाचं गाणं पुढे ढकलायचं, कोणाचं थांबवायचं, मार्केटिंगचा पैसा कोणाच्या अंगावर टाकायचा. यात शत्रू होतात.

तालमणी म्हणतात तो मुद्दा मला पटतो. प्रमोशनमधून वर आलेला माणूस कुठलं स्टेशन कधी होकार देतं हे अंगाने ओळखतो. आमच्याकडेही चांगले साहेब सेल्समधून आलेले. गाणारे साहेब झाले की पहिले सहा महिने नुसत्या पार्ट्या.

चिकित्सक

"यात शत्रू होतात" याचंच उदाहरण देतो. एलएल कूल जे हा रॅपर डेफ जॅमचा पहिला मोठा कलाकार. १९८४ मध्ये रिक रुबिन न्यूयॉर्क विद्यापीठाच्या वसतिगृहातल्या खोलीतून कंपनी चालवत होता आणि रसेल सिमन्स येऊन मिळाला होता, तेव्हापासूनचा. तो २००६ मध्ये उघडपणे म्हणाला की माझ्या अल्बमला कंपनीने वाऱ्यावर सोडलं, आणि बोट दाखवलं थेट जे-झीकडे. मेथड मॅन हा रॅपरही त्याच वर्षी कुरकुरत होता. डीएमएक्स तर कंपनी सोडून कोलंबिया या दुसऱ्या रेकॉर्ड कंपनीकडे गेला.

आणि त्याच २००६ च्या नोव्हेंबरात अध्यक्षमहाशयांनी निवृत्ती मोडून स्वतःचा अल्बम काढला. त्याच कंपनीतून! पहिल्या आठवड्यात जवळपास ६ लाख ८० हजार प्रती गेल्या. आता सांगा, वर्षअखेरचा सगळ्यात मोक्याचा विक्रीचा आठवडा आणि सगळ्यात मोठं बजेट कोणाला द्यायचं हे ठरवणारा कोण, आणि ज्याला मिळालं तो कोण?

तालमणी

+१००. लाइल्सला निदान ही अडचण नव्हती. त्याच्याकडे स्वतःचा अल्बमच नव्हता.

न्यूजर्सीकर

दोघांनीही एक मोठी गोष्ट सोडली: न्यूयॉर्कचाच रॅपर नास.

२००१ मध्ये जे-झी आणि नास यांनी एकमेकांवर गाण्यांतून जे काही फेकलं, त्यातलं निम्मं इथे लिहिलं तर संपादक धागा उडवतील. पार नासच्या मुलीच्या आईपर्यंत. ऑक्टोबर २००५ मध्ये आमच्या इथे ईस्ट रदरफर्डला जे-झीचा कार्यक्रम होता, नाव "मी युद्ध पुकारतो" अशा अर्थाचं. सगळ्यांना वाटलं आता कुणाची तरी धुलाई. मी वरच्या स्वस्तातल्या रांगेत होतो. रंगमंचावर व्हाइट हाउसमधल्या राष्ट्राध्यक्षांच्या केबिनचा देखावा, टेबल, झेंडे, सगळं. कार्यक्रमाच्या शेवटाकडे जे-झी म्हणाला की सगळं विसरून जाऊ, आणि नास बाहेर आला. आजूबाजूचे लोक एकमेकांच्या खांद्याला धरून ओरडत होते. दोघांनी मिळून 'डेड प्रेसिडेंट्स' केलं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: जे-झीच्या त्या १९९६ च्या गाण्यात नासच्याच आवाजाचा तुकडा वापरलेला आहे. म्हणजे भांडणाच्या कितीतरी आधीपासून नास त्या गाण्यात होताच.

काही महिन्यांत नासशी करार झाला, कोलंबियाबरोबर भागीदारीत, आणि २००६ च्या डिसेंबरात त्याचा अल्बम डेफ जॅमवरून येऊन पहिल्या क्रमांकावर गेला. हे लाइल्सला जमलं असतं? कितीही चांगला प्रमोशनवाला असो, नासला फोन करून "झालं गेलं विसर" म्हणायला जे-झीच लागतो. द रूट्ससारखा बँडही त्याच काळात डेफ जॅमवर आला आणि २००६ मध्ये त्यांनी अगदी काळवंडलेला, रेडिओला न विचारणारा अल्बम काढला. कलाकार साहेब असण्याचा हा फायदा.

बोरिवली_बीट्स

न्यूजर्सीकर, साष्टांग दंडवत! तुम्ही तिथे होतात??

मेघमल्हार

अवांतर, पण राहवत नाही. "कलाकार ते रेकॉर्ड कंपनीचा मालक" यात हिप हॉपचा पहिला मान एका बाईचा आहे. सिल्व्हिया रॉबिन्सन. रॅपर नव्हे, गायिका. १९५६ मध्ये मिकी अँड सिल्व्हिया या जोडीने हिट दिलं होतं. १९७९ मध्ये तिने न्यू जर्सीत शुगर हिल रेकॉर्ड्स काढली आणि 'रॅपर्स डिलाइट' आणलं. तोवर रॅप ही पार्टीत करायची गोष्ट, ती रेकॉर्डवर विकता येईल असं तिथल्या पोरांनाही वाटत नव्हतं. तिच्या कंपनीबद्दलही कलाकारांच्या पैशांवरून पुढे भरपूर तक्रारी झाल्या, म्हणजे परंपरा तिथूनच.

खानदेशी_कॅसेट

आणि स्कारफेसला विसरलात राव. ह्यूस्टनचा रॅपर. लाइल्सच्याच काळात डेफ जॅमने दक्षिणेसाठी डेफ जॅम साउथ काढलं, त्याची सूत्रं स्कारफेसकडे, आणि तिथून लुडाक्रिस आला. म्हणजे एकाच कंपनीत वर एक माजी रॅपर आणि खाली एक चालू रॅपर. न्यूयॉर्कवाल्यांना तेव्हा दक्षिणेचं रॅप गावंढळ वाटायचं. साहेबाने स्वतः गाठोडं उचलून दारोदार फिरलेलं असलं की त्याला बाजार कुठे सरकतोय ते आधी कळतं. माझं मत तालमणींना.

रेकॉर्डवाला_दादर

दक्षिणेचा विषय निघालाच आहे तर. न्यू ऑर्लिन्सचा रॅपर मास्टर पी याने प्रायॉरिटी या वितरक कंपनीशी केलेला करार आमच्या धंद्यात अजून सांगतात: ८५ टक्के त्याचे, १५ टक्के वितरकाचे, आणि मास्टर स्वतःकडे. मघाशी मी सांगितलं त्याच्या बरोबर उलटं! त्याच शहरातल्या कॅश मनी या लेबलने १९९८ मध्ये युनिव्हर्सल या बड्या कंपनीकडून तीन कोटी डॉलर उचलले आणि मालकीही ठेवली. पण कॅश मनीचा बर्डमॅन स्वतः रॅपर असूनही त्याच्याच घरात वाढलेल्या लिल वेन या रॅपरने २०१५ मध्ये ५ कोटी १० लाख डॉलरचा दावा ठोकला, पैसे बुडवले म्हणून. प्रकरण २०१८ मध्ये मिटलं. साहेब रॅपर आहे म्हणून रॅपरला न्याय मिळेल, या भ्रमात कुणी राहू नये.

तालमणी

सगळ्यांचे आभार. दादरकरांच्या मास्टरच्या खुलाशामुळे माझा पुढचा मुद्दा सोपा झाला.

जे-झीने अध्यक्षपद स्वीकारताना जी अट घातली, ती त्याची खरी हुशारी. डेफ जॅमवरच्या त्याच्या अल्बमचे मास्टर दहा वर्षांनी त्याच्याकडे परत यावेत. त्या वेळी कुणी फार लक्ष दिलं नाही, सगळे त्याच्या पगाराची चर्चा करत होते. म्हणजे माझ्या हिशेबाने तीन वर्षांच्या नोकरीचं खरं मोल पगारात नव्हतं, त्या एका कलमात होतं. २००७ अखेर बाहेर पडला, २००८ मध्ये लाइव्ह नेशन या कार्यक्रम भरवणाऱ्या कंपनीबरोबर १५ कोटी डॉलरच्या आसपासचा करार केला, रॉक नेशन ही स्वतःची कंपनी काढली, आणि २००९ मध्ये डेफ जॅमला पैसे मोजून शेवटच्या अल्बममधून स्वतःला सोडवून घेतलं. जे. कोल हा रॉक नेशनचा पहिला कलाकार.

सौदा करणारा म्हणून जे-झीला तोड नाही, हे मी कधीच नाकारलं नाही. पण त्यात डेफ जॅमचं काय भलं झालं?

न्यूजर्सीकर

डेफ जॅमला रिहाना मिळाली, तीही नोकरीच्या दुसऱ्याच महिन्यात. अजून किती भलं हवंय?

अंधेरी_पूर्व

नासवरून आठवलं, तार थेट आमच्या गल्लीपर्यंत येते. नास पुढे मास अपील या लेबलचा भागीदार झाला. २०१९ मध्ये युनिव्हर्सलबरोबर मास अपील इंडिया निघालं आणि पहिला करार जे. बी. नगरच्या डिव्हाइन या रॅपरशी. त्याच वर्षी 'गली बॉय' आला, त्यातही नास कार्यकारी निर्माता. डिव्हाइनने आधी सोनीबरोबर काम केलं होतं, 'मेरे गली में' २०१५ मध्ये तिथूनच आलं. मग गली गँग ही स्वतःची कंपनी काढली आणि डी'ईव्हिल, एमसी अल्ताफ वगैरे पोरांना बरोबर घेतलं. रॅपर एमिवेचंही स्वतःचं बंटाई रेकॉर्ड्स.

मराठीत मात्र अजून असा साहेब दिसत नाही. स्वदेशी या ग्रुपमधला एमसी मवाली मराठीत काय ताकदीने लिहितो! पण मराठी रॅपरच्या मागे उभं राहील, रेडिओ आणि प्लेलिस्टवाल्यांच्या दारात जाऊन बसेल असा माणूस कुठे आहे? आपल्याकडे पोरगा स्वतःच लिहितो, स्वतःच मिक्स करतो आणि स्वतःच रात्री तीनला पोस्टर बनवतो. आम्हाला जे-झी नको, लाइल्सच हवा.

निवांत_मावशी

लाइल्सचं पुढे काय झालं ते कुणी सांगितलंच नाही.

खानदेशी_कॅसेट

सांगतो मावशी. लायोर कोहेन हा डेफ जॅममधला त्याचा साहेब २००४ च्या सुरुवातीला वॉर्नर या दुसऱ्या बड्या कंपनीकडे गेला, मागोमाग लाइल्सही तिथे मोठ्या हुद्द्यावर गेला. मग स्वतःची मॅनेजमेंट कंपनी. २०१२-१३ च्या सुमारास कोहेन आणि आणखी दोघांबरोबर ३०० एंटरटेनमेंट काढली, गूगलचाही पैसा होता. मिगोस, फेटी वॅप, यंग ठग, मेगन दी स्टॅलियन ही त्यांची नावं. कोहेन २०१६ मध्ये यूट्यूबला गेला, गाडा लाइल्सने ओढला. डिसेंबर २०२१ मध्ये वॉर्नरने कंपनी घेतली, किंमत ४० कोटी डॉलरच्या घरात. बिनपगारी इंटर्न! २०२४ मध्ये तो तिथूनही पायउतार झाला.

आणि हेही लिहून ठेवतो. मे २०२२ मध्ये अटलांटात यंग ठगला टोळीच्या गुन्ह्यात अटक झाली आणि सरकारी पक्षाने त्याच्या गाण्याच्या ओळीच पुरावा म्हणून पुढे केल्या. जामिनाच्या सुनावणीत लाइल्सने साक्ष दिली, बोलताना त्याला रडू फुटलं. जामीन काही मिळाला नाही. मग त्याने अटलांटिक रेकॉर्ड्सच्या ज्युली ग्रीनवाल्ड यांच्याबरोबर सह्यांची मोहीम काढली, की कृष्णवर्णीय कलाकारांच्या गाण्यांना कबुलीजबाब समजू नका. त्याच सप्टेंबरात कॅलिफोर्नियात गाण्यांच्या ओळी कोर्टात वापरण्यावर मर्यादा घालणारा कायदा झाला.

चिकित्सक

रडू फुटलं हे खरं असेल, पण यंग ठग त्याच्या कंपनीचा कमावता कलाकार होता हेही विसरू नका. माणूस तुरुंगात म्हणजे दौरे बंद, अल्बम अडकले.

खानदेशी_कॅसेट

असेल ना. दोन्ही एकाच वेळी खरं असायला काय हरकत आहे?

बोरिवली_बीट्स

तिसऱ्या गड्याचंही सांगून टाका. डेमन डॅश. रॉक-अ-फेलाचा तोंडाळ भागीदार, जे-झीसाठी कंपन्यांच्या केबिनमध्ये घुसून भांडणारा. २००४ च्या विक्रीनंतर दोघांचं फाटलं ते फाटलंच. पहिल्या अल्बमचे हक्क रॉक-अ-फेला या कंपनीकडे आहेत आणि तिच्यात तिघांचा तिसरा-तिसरा हिस्सा. डॅश कर्जात आणि कोर्टाच्या दंडात बुडाला, आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये त्याचा तो हिस्सा चक्क सरकारी लिलावात निघाला. जे-झीच्या बाजूने आधीच नियम बदलून ठेवले होते म्हणे, की जो कुणी हिस्सा घेईल त्याला कारभारात फार बोलता येऊ नये.

रेकॉर्डवाला_दादर

नियम बदलले होते, आणि त्यावरून कोर्टातही बरंच झालं. अल्पमतातला हिस्सा म्हणजे वर्षाला येईल तो लाभांश घ्यायचा आणि गप्प बसायचं. डॅशला धंद्याची नस कळत होती यात शंका नाही, कपड्यांचा ब्रँडही त्याच मंडळींनी उभा केला. पण तो प्रत्येक बैठकीत जिंकायला जायचा. लाइल्स आणि जे-झी दोघंही बैठकीनंतर येणारा कागद वाचायचे.

चिकित्सक

पटलं. पण यावरून लाइल्स सरस हे अजूनही सिद्ध होत नाही. तालमणी, १९९८ च्या डीएमएक्सचं श्रेय लाइल्सला देताना हे ध्यानात घ्या की डीएमएक्सला कंपनीत आणणारा निर्माता अर्व्ह गॉटी होता. रिहानाला जो नियम लावला, तोच इथेही लावा.

तालमणी

लावतो. निवड गॉटीची, विक्री लाइल्सच्या फौजेची. निवड करणारे त्या इमारतीत बरेच होते.